एका वाक्यात

हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफला एकेक कागद दिलाय:
आपल्या शाळेचा उद्देश, एका वाक्यात. शुक्रवारपर्यंत.
चॅपलेननी तिथंच लिहून दिला, उभ्याउभ्या.
मी घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला
आणि लाँड्रीत आले, कारण बुधवार
म्हणजे मोज्यांचा दिवस.

एकशे बारा मुलं, सगळ्यांचे मोजे काळे.
हेक्समच्या वरच्या अंगाला, टेकडीवर,
आम्ही आणि मेंढ्या. बाकी वारा.

नावाच्या पट्ट्या मी हातानं शिवते.
कोसिसोचुक्वूचं नाव मोज्याला पुरता वेढा घालतं
आणि सुरुवातीला येऊन स्वतःलाच भेटतं.
अर्थ विचारला, तर म्हणाला, देवाच्या मर्जीनं.
मग म्हणाला, पण मिस, टोचतं.
हायुनच्या भाषेत बापाला आप्पा म्हणतात.
ती फोनवर हाक मारते नि मी दचकते;
आमच्या नगरला आप्पा म्हटलं
की चार माणसं वळून बघायची.

आई नगरच्या मिशन बोर्डिंगात वाढली.
थाळीवर ठोकलेला आकडा: एकोणचाळीस.
शेवटी शेवटी तिला माझं नाव आठवेना,
देवळातली गाणी आठवेनात.
जेवण वाढलं की थाळी उलटी करून
आकडा शोधायची.
तिच्या मॅडम इकडच्याच,
याच थंडीतून तिकडच्या उन्हात गेलेल्या.
त्यांच्याकडूनही कुणी मागितलं असेल का वाक्य?
माळी डॉड म्हणतो, तू इकडे आलीस, हिशोब फिटला.
हिशोब कसला बाबा,
मला सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात.

त्या रात्री दोन वाजता दारात अल्दियार.
तेरा वर्षांचा घोडा, काखेत चादरीचं बोचकं,
डोळे जमिनीत.
हाच तो, चॅपलमध्ये डोळे न मिटणारा.
वर बघून तुळया मोजतो. चौदा.
(प्रवचन लांबलं तेव्हा मीही मोजल्या. बरोबर आहेत.)
मी काही विचारलं नाही, मशीन उघडलं.
सकाळी एकटी चादर दोरीवर दिसू नये
म्हणून वर उरलेले मोजे लोटले,
मूठमूठ, अर्ध्या शाळेचे,
आणि अंगावरचा एप्रनही काढून टाकला.

ते फिरेपर्यंत टोस्ट केला. लोणी संपलं होतं, जॅम होता.
खाण्याआधी तो काहीतरी पुटपुटला, तोंडातल्या तोंडात.
मीही पुटपुटले.
त्याचं काय ते मी विचारलं नाही, त्यानं माझं.
अल्मातीला आता सात वाजले असतील, तो म्हणाला,
आई चहा टाकत असेल.
किती साखर घेते? मी विचारलं.
त्याला सांगता येईना.
मग बराच वेळ
आम्ही दोघं काचेच्या त्या गोल दारातून
गरगर बघत बसलो.

शुक्रवारी कागद आठवला.
खिशात ओला गोळा, बोरीएवढा,
बाकीचा गेला कुठे ते कळायला रविवार उजाडला.

रविवारी प्रार्थना ज्याची त्यानं आपल्या भाषेत म्हणायची,
इथली रीत आहे.
सगळी सुरू होतात एकदम, मग कुणी पुढं कुणी मागं,
रोजच्या भाकरीपाशी माझीच गाडी अडते,
डोळे उघडतात, खाली जातात,
बाकांच्या रांगेखाली:
काळ्या मोज्यांवर पांढरे कण,
बारीक, चिकट, झटकून न जाणारे.
हायुनच्या पायावर. मोठ्या पोरांच्या.
पुढच्या बाकावर हेडमास्तरांचा स्वतःचा मुलगा, त्याच्या तर टाचेपर्यंत.

अल्दियार वर बघतोय.
कोसिसो एका पायानं
दुसरा पाय खाजवतोय.
हेडमास्तर दारात थांबवतात:
मिस ओहोळ, तुमचं वाक्य तेवढं राहिलं.
हो सर, म्हणते मी,
आणि मोज्यांचा ब्रश शोधायला जाते.