पाचवा पाय

रेजाँ म्हणाला, सगळं पाणी सोडायचं नाही.
अर्धं ठेवू. विहिरीचं आहे.

परसातल्या पोहण्याच्या तलावाला बारा पाय,
त्यातला पाचवा खालून खाल्लेला.
नख लावलं की पापुद्रे सुटतात
कांद्याच्या सालीसारखे, विटकरी.
मिठाचं यंत्र बसवलंत तेव्हापासून हे सुरू झालं,
गिलेन खिडकीतून म्हणते.
रेजाँला ते ऐकू येत नाही.

नवा पाय शेजारच्या लाव्हर्दूरांचा. मुलं
माँट्रियलला गेली, त्यांनी तलाव मोडला.
रंग पिस्त्याचा, आमचा पांढरा. चालेल.

मला काम एकच: पत्र्याला पाठ लावून उभं राहायचं,
जुना निघून नवा बसेपर्यंत.
एप्रिलचं पाणी मणक्यांवर रेललं,
गोठ्यात गाय अंगावर रेलते तसं,
राग नाही, घाई नाही, फक्त वजन.

बाबांची होडी मी त्याला न विचारता विकली
तेव्हापासून आम्ही भाऊ
हवामानावरच बोलतो.
आज तेही नाही. नुसतं: धर. अजून. सोडू नकोस.
बोल्ट गंजात रुतलेला. तेल, हातोडी,
मग चर्चमधल्या पेल्याच्या नावानं एक शिवी,
इकडची रीतच तशी.

झालं, म्हणाला तो.
मी तसाच उभा.
तोही हातात पाना धरून आला
आणि माझ्या शेजारी पाठ टेकली,
जणू अजून एक पाय बदलायचा होता.

होताच. सातवा.
पण ते आम्ही नंतर पाहिलं.