पुरावा

विषय होता : खोटं बोलणं कधी क्षम्य असतं का?
केतकी दोंदेनं साक्षीला आणली
एका गोष्टीतली सुईण,
गार पडलेलं मूल दुपट्यात गुंडाळून
बाळंतिणीला उजाडेपर्यंत
‘झोपलंय गं’ सांगणारी.

मी लाल पेनानं लिहिलं :
ही बाई नव्हतीच. आकडे दे.
दहातले चार.

गठ्ठा बांधला, रविवार कारंजावरून
रिक्षा केली पंचवटीला.
दुकानादुकानाच्या पाटीवर नाशिक, नाशिक.
इथं एक नाक कापलं गेलं म्हणे.
कोणी पाहिलं? पंचनामा कुठाय?
आणि अख्खं गाव त्या नावावर
वीजबिल भरतंय.

घरी गठ्ठा सोडला.
चाराचे सहा नाही केले.
फक्त ‘नव्हतीच’ खोडलं.
उरली ‘ही बाई’,
समासात
हात पुसत.