अंड्यांचा पुठ्ठा

खाणीमागे, उत्तरेला तोंड केलेल्या पाटीच्या दगडाच्या भेगेत
एलुनेद गुडघे टेकून भिंग लावते.
करंगळीच्या नखाएवढं शेवाळ.
गेल्या वर्षीही एवढंच होतं,
त्याआधीही.
ती श्वास आवरते,
फुंकरीनं विझेल म्हणून.
जागा नकाशावर नाही. इद्वाललाही ठाऊक नाही.

खाली परसात त्याचा दिवा रात्रभर जळतो.
सकाळी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत
पिवळ्या पंखांचे तेच ते पतंग:
एकशे बारा.
'पुन्हा तुम्हीच!' म्हणत तो पुठ्ठा हेजवर झटकतो.
एखादा चहात पडतो.
बोटानं काढतो, चहा पितो.

एकदा जेवताना म्हणाला,
'तुझं ते गेलं तर छापून येईल.
माझे निम्मे झाले तर
कोण म्हणेल, काल जास्त होते?'
तिनं बटाटे पुढे सरकवले.

या ऑगस्टात दिवा तोच, पुठ्ठा तोच.
इद्वाल दोनदा मोजतो.
एकोणीस.
तिसऱ्यांदा मोजत नाही.

एलुनेद गळ्यातलं भिंग काढून
त्याच्या हाती देते,
आणि रिकाम्या खळग्यावर
दोघं वाकतात,
श्वास आवरून.