धावपट्टीकडेचं अंजीर

सैनिकांनी सासऱ्यांना कागद दाखवला
तेव्हा द्राक्षं अजून हिरवी होती.
सही येत नव्हती; अंगठा लागला,
आणि पश्चिमेचं शेत सपाट झालं
पार अटलांटिकच्या कड्यापर्यंत.

लढाई संपली. सैनिक गेले, पत्रे राहिले.
त्या पत्र्यांखाली आमच्या कोंबड्या वाढल्या,
अंडी गेली विमानतळाच्या कँटीनला.
कराकासचे, पॅरिसचे, रोमचे लोक
इंधन भरेपर्यंत चाळीस मिनिटं
आमच्या बेटावर जेवायचे. मी बशा धुवायचे.
एका बाईनं मला हातमोजा दिला होता. एकच.
दुसरा विमानात राहिला असेल.

मग विमानांचा दम वाढला.
पाणीसुद्धा न पिता ती डोक्यावरून जायला लागली.
कँटीनच्या काचा वाऱ्यानं फोडल्या,
कुणी बसवल्या नाहीत.
पाटीवरचं 'आंतरराष्ट्रीय' मात्र
दर ईस्टरला रंगवलं जायचं.

आता नात टॉवरमध्ये बसते.
रात्रभर तिच्या कानात समुद्रावरचे वैमानिक
आपापली उंची सांगतात,
ती त्यांना वाट देते. उतरत कुणी नाही.
लिस्बनचं एक येतं, शनिवारी दोन.
नवी काच आली, सरकता पट्टा आला;
माझी काठीसुद्धा तपासतात, आमचीच पोरं.

शेवटच्या दिव्यामागे
दर मार्चमध्ये एक अंजीर फुटतं.
गवत कापणारा छाटतो. नियम आहे.
एर्मिनियु कुंपणाशी उभा राहून म्हणतो,
मूळ फार खोल गेलंय त्याचं,
बापाला विचारलं असतं
तर सांगितलं असतं त्यानं.