पट्टा

मार्च सरता सरता गॅरेजच्या काँक्रीटला घाम फुटतो.
बाहेर मिनेसोटाचा बर्फ अजून गुडघाभर,
आत जमीन ओली, आणि मोटरसायकलचा स्टँड
हळूच सरकतो, झोपेत पाय सरकावा तसा.

हिबिंगला जाऊन इपॉक्सीचा भाव विचारला.
दुकानातला पोरगा म्हणाला, आरशासारखी चमकते.
म्हटलं, आरसा आहे रे घरी,
मला जमीन हवीय.

मग एका शनिवारी टोइवोने पिकअप उलटी लावली.
मागे भलीमोठी गुंडाळी: खाणीतला कन्व्हेयर पट्टा,
बोटभर जाड, कडेचे दोरे सुटलेले,
भंगारवाल्याने ब्लूबेरीच्या दोन बरण्यांवर सोडलेला.
चौघांनी ढकलत आत नेला.
आठवडाभर दार उघडं ठेवलं तरी वास जाईना,
टायरचा, ग्रीसचा, आणि त्या तांबड्या धुळीचा
जी माझ्या बापाच्या कानामागे असायची,
रविवारी चर्चमध्येसुद्धा.

बत्तीस वर्षं धावला हा पट्टा
अंगावर लोखंडाचे दगड घेऊन
आणि कुठेच गेला नाही.
आता निजलाय. त्याच्यावर माझी होंडा उभी.
अंथरूण पाहून स्टँड पसरावा, टोइवो म्हणतो,
आणि स्वतःच हसतो.
रात्री परत येऊन इंजिन बंद केलं
की थंड होताना ते टकटक वाजत राहतं;
वाटतं, खालचा विचारतोय, कुठवर?
एम्बॅरसपर्यंत, मी सांगते. पुढे रस्ता खोदलाय.
मैल खरे सांगते.

बाकी थाट म्हणाल तर
रस्तेखात्याचा नारिंगी कोट, चर्चच्या सेलमधला, चार डॉलर,
पाठीवर अजून कुणा हार्लनचं नाव.
चामड्याच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे पिवळे रबरी.
बुटांत पावाच्या पिशव्या.
छातीशी कालचं वर्तमानपत्र,
निधनवार्तांचं पान बाहेरच्या बाजूला:
वारा आधी त्यांना लागू दे,
त्यांना आता काय थंडी.

हेल्मेट तेवढं नवं. पूर्ण किमतीचं.
बहिणीला अजून आकडा सांगितलेला नाही.
मी इमर्जन्सीत रात्रपाळी करते,
डोकी पाहिलीत मी.

जूनमध्ये वळणावर खडी होती.
हार्लनचं कोपर फाटलं. माझं नाही.

टोइवो काही बोलला नाही.
बॉयलरभोवती कापून उरलेला पट्ट्याचा तुकडा घेतला,
त्याचा कॅनव्हासचा थर सोलला, कांदा सोलावा तसा,
आणि मासे धरायच्या दोरीने
कोपरावर ठिगळ शिवलं, बारीक टाक्यांनी,
एवढे बारीक की मी बघतच राहिले.

आता पहाटे, नर्सांच्या खोलीत कॉफी पिताना
कोट न काढताच कोपर टेबलावर टेकवते.
उचललं की तिथे तांबडा डाग असतो.
पुसते.
टेकवते.