पाटकऱ्याची वही

रिओ नेग्रोच्या खोऱ्यात एकतीस वर्षं मी पाटकरी होतो.
लोखंडी दार किती बोटं उचलायचं,
कुणाच्या बागेला किती तास,
सगळं वहीत.
पाळी मध्यरात्रीची असली
तरी नेलिदा बेर्तोरेल्लो कंदील घेऊन बांधावर हजर,
आणि वेळ संपली की
एक मिनिट जास्त मागायची नाही.
मागितलं असतं तर मी दिलं असतं.
हे मात्र वहीत नाही.

सप्टेंबरात आमच्याकडे नासपती फुलते.
आज दंव गोठणार, असं रेडिओनं सांगितलं
की पहाटे तीनला अख्खं खोरं उठायचं,
झाडांच्या ओळींमधून तेलाचे डबे पेटवायचं,
फुलांना ऊब द्यायचं.
सकाळी सगळ्यांची तोंडं सारखीच काळी,
मालकाची, मजुराची,
मदतीला आलेल्या पाद्र्याचीसुद्धा.

आता एकच ज्योत आहे.
नेलिदाच्या कुंपणाशी, उंच नळकांड्याच्या टोकाला,
रात्रभर, बारा महिने.
तिला कुठल्या फुलाशी देणंघेणं नाही.
कोंबडे भलत्याच वेळी आरवतात
आणि मग ओशाळल्यासारखे गप्प होतात.

ते आले तेव्हा चौघं होते. स्वच्छ बुटांचे.
तीन हजार मीटर खाली एक खडक आहे, म्हणाले,
त्याच्या पोटात वायू कोंडलाय.
पाणी दाबून खडक फोडायचा,
भेगांत वाळू भरायची,
आणि पाण्यात थोडंसं, अगदी थोडंसं, औषध.
कसलं?
ते कंपनीचं गुपित.
पाणी किती?
त्यांच्यातल्या तरुण इंजिनिअरनं आकडा सांगितला.
मी वहीत मांडून पाहिला:
एका विहिरीला नेलिदाच्या बागेचे दोन उन्हाळे.
फार नाही, असंच मी म्हणालो तेव्हा.
खोटं कशाला बोलू?
मग विचारलं, बागेतलं पाणी फिरून पाटात येतं,
नदीत येतं, फळात येतं.
तुमचं कुठे येतं?
पोरगा प्रामाणिक होता.
म्हणाला, ते येत नाही.

पाणी कुठे मुरतं ते ओळखणं
हेच तर माझं काम होतं.

गावानं ठराव केला, इथे नको.
शाळेच्या हॉलमध्ये सगळे हात वर.
आठ महिन्यांनी प्रांताच्या कोर्टानं कळवलं,
खालचा खडक गावाचा नाही.
गावाचं फक्त वरचं.
वरचं म्हणजे किती? मी उठून विचारलं.
नांगर जातो तेवढं?
नासपतीची मुळं जातात तेवढं?
की आमची माणसं पुरतो तेवढं?
वकिलानं कागद चाळले.
त्यात तेवढं लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी नासपतीच्या पेटीला
रिकाम्या पेटीइतकाही भाव नव्हता.
नेलिदानं सही केली.
मी तिला बोल लावत नाही.
चार एकर झाडं एका दुपारी उपटली,
मुळं आभाळाकडे करून पडली होती,
त्यांना माती लागलेली, ओली,
माझ्या शेवटच्या पाळीची.

करारात एक कलम आहे म्हणे.
तिनं कुणाशी काही बोलायचं नाही.
बाजारात भेटली की ती हवेबद्दल बोलते,
वारा आज पश्चिमेचा आहे, म्हणते,
आणि हातमोजे काढत नाही.

मी आता निवृत्त. वही ठेवलीय.
रात्री टँकर जातात त्यांची वेळ लिहितो,
अकरा चाळीस, बारा पाच, बारा दहा.
त्यांना पाळी नाही.
दार उचलायला त्यांना कुणी लागत नाही.

परवा मध्यरात्री बांधावर कंदील दिसला.
तिची जुनी वेळ, मिनिटभरही इकडेतिकडे नाही.
माझ्या पायरीशी आली,
एक बाटली ठेवली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि करार पाळत निघून गेली.

मी बाटली दिव्यासमोर धरली. बराच वेळ.
मग वही काढली, तारीख घातली.
पाळी: नेलिदा बेर्तोरेल्लो.
पाणी: एक बाटली, तिच्या घरच्या नळाचं.
शेरा:
शेऱ्याची जागा अजून कोरी आहे.
बूच मी उघडलेलं नाही.