उतार

तिसऱ्या दालनाची फरशी सपाट नाही.
वास्तुविशारदानं ती मुद्दाम तशीच ठेवली,
माहितीफलकावर दोन ओळी आहेतही,
पण फलक कोण वाचतं.
लोक पहिल्या चित्रापासून सुरुवात करतात
आणि माना वर करून, कुजबुजत, नकळत
सरकत सरकत मधोमध येऊन थांबतात,
तिथं जमिनीत लोखंडी जाळी आहे.
मी खुर्चीवरून रोज बघतो.
पाणी जिथं जायचं, माणसंही तिथंच जातात.

चौदा वर्षं झाली मला इथं.
निळा कोट, छातीवर पितळी नाव : झेफेरीनु.
काम एवढंच,
कुणी कशाला हात लावू नये.

बुधवारी तिकीट नसतं, त्या दिवशी आली ती.
काळी शाल, काठीला रबराचं बूच,
बरोबर नात, तिला फोटो हवे होते.
दारातच थबकली. म्हणाली, इथं भिंत होती.
होती.
आणि त्यावर घड्याळ, दहा मिनिटं पुढे.
हे मला ठाऊक नव्हतं.

मग ती सांगत सुटली, मला नव्हे, काठीला :
होड्या बंदराला लागल्या की भोंगा व्हायचा.
प्रत्येक कारखान्याचा वेगळा.
आमचा घोगरा, पडसं झालेल्या म्हाताऱ्यासारखा.
रात्रीचे दोन असोत, पोर अंगावर पीत असो,
झोपेतही कळायचं आपला कुठला.
केस न बांधता पळायचं,
सार्डिन काय कुणासाठी थांबतात?

अकरा अकरा तास या उतारावर उभी राहून
डावा पाय आखूड झाला, म्हणाली.
डॉक्टर नाही म्हणतो. डॉक्टर लिस्बनचा आहे.
मी पाहिलं,
सपाट रस्त्यावर लंगडत आलेली ती
आमच्या तिरक्या फरशीवर
ओळंब्यासारखी सरळ उभी होती.

जाळीच्या पलीकडे यंदाचं मोठं काम मांडलंय,
रॉटरडॅमच्या कलावतीचं. 'शांतता, क्रमांक चार'.
नऊशे उघडे डबे, प्रत्येकात पत्र्याचे पाच मासे.
माणसं त्यापुढे आवाज उतरवतात.
तिनं चष्मा पुसला, वाकली, पुन्हा पुसला.
"सगळ्यांची डोकी एकाच बाजूला?"
नात म्हणाली, आजी, ती कला आहे.
"असेल गं. पण मुकादमीण डबा तोंडावर फेकायची.
एकाचं डोकं, दुसऱ्याची शेपूट,
तेव्हा कुठे पाच मावतात."

पिवळ्या रेषेपलीकडे तिचा हात गेला
तेव्हा मी उठायला हवं होतं.
उठलोही असेन, अर्धा.
हातावर दोन बोटांच्या मधोमध
जुना पांढरा व्रण होता, कात्रीचा असावा.
एक मासा तिनं उलटा केला. एकच.
इतक्या सहज, जसं कुणी
झोपलेल्या पोराची मान उशीवर नीट करतं.

आणि घंटा वाजली.
आमची घंटा बारीक आहे, पण टोचते.
सगळं दालन मागं सरलं,
एका जर्मन गृहस्थाच्या हातून टोपी पडली,
नात रडकुंडीला आली.
ती मात्र जागची हलली नाही.
मान किंचित तिरकी करून
घंटा पूर्ण ऐकली, शेवटपर्यंत,
आणि म्हणाली, "छे. हा आपला नव्हे."

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं :
वेळ चार वाजून वीस, वृद्ध स्त्री, समज दिली.
नुकसान या रकान्यात काय लिहावं
याचा बराच वेळ विचार केला,
मग रेघ मारली.

त्यानंतर कलावती स्वतः येऊन गेली,
हातमोजे घालून दोन दिवस डबे तपासले,
भिंतीच्या रंगाबद्दल तक्रार केली,
बाकी काही नाही.

सातव्या रांगेत, खिडकीकडून तिसरा.
दिवे मालवण्याआधी एकदा तिथं जातो.
जातो म्हणजे काय,
पाय जिकडे नेतात तिकडेच तो आहे.